अर्ध्याचा हिशेब



'गट' हा शब्द ऐकला की आमच्यासारख्या कामगार-कार्यकर्त्यास प्रथम गटबाजी आठवते. बीजगणितातला गट मात्र सालस असतो. आमचे शाळेतील शिक्षण बेताचेच. हे गणित आम्ही युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर, जुन्या पुस्तकांवरून शिकलो. तेव्हा पांडित्याची अपेक्षा नसावी.

कारखान्यातील दोन पाळ्या घ्या. कृती दोनच: 'जैसे थे' आणि 'अदलाबदल'. अदलाबदल दोनदा केली की पुन्हा जैसे थे. झाला दोन घटकांचा गट! पहिल्या कृतीस १ म्हणू, दुसरीस 'अ'. म्हणजे अ गुणिले अ बरोबर १. आता त्यांना संख्या जोडा: ५ + ३अ. अशा राशींची बेरीज होते, गुणाकारही होतो. या साऱ्या संसारास गट-वलय म्हणतात.

आता फोड पाहा:

५ + ३अ = ४(१ + अ) + १(१ − अ)

पहिला भाग समाईक. अदलाबदलीने तो हलत नाही. दुसरा तफावतीचा, अदलाबदलीने त्याचे केवळ चिन्ह पालटते. आणि (१ + अ) व (१ − अ) यांचा गुणाकार शून्य! एकाची दुसऱ्यास बाधा नाही. वाटाघाटीत आम्ही हेच करतो: समाईक मागण्या एकीकडे, पाळीपाळीतला फरक दुसरीकडे.

पण ५ + २अ घ्या. येथे साडेतीन आणि दीड लागतात. पूर्णांकच वापरायचे, अशी अट असेल तर गाडे अडले. हाइन्रिख माश्के या जर्मन गणितज्ञाने १८९८-९९ च्या सुमारास दाखविले, की गट सांत असावा, आणि संख्यांच्या क्षेत्रात त्याच्या घटकसंख्येने भागता यावे. मग फोड कोठेही अडत नाही. आपल्या गटात भागायचे ते दोनाने. सारी किल्ली त्या अर्ध्यात आहे.

एका कारखान्यात कायम जागा एक आणि हंगामी कामगार दोन, दोघांचा हक्क सारखा. पगारातला फरक आम्ही आजवर अर्धा-अर्धा करून पुष्कळदा मिटविला होता. येथे अर्धे करायचे काय? शेवटी चिठ्ठी टाकली. ज्याची चिठ्ठी निघाली नाही, तो पुन्हा आमच्याशी बोलला नाही. आमचा दोष एवढाच, की 'तोडगा निघेल' असे आम्ही त्याला आधीच सांगून बसलो होतो.

म्हणून, मंडळी, वाटणीचे आश्वासन देण्यापूर्वी आम्ही आता एक प्रश्न विचारतो: या हिशेबात अर्धे आहे काय?