रक्ताचे नाते : सर फ्रँक वॉरेल यांचे स्मरण
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



ज्ञातीच्या व्यासपीठावरून सातासमुद्रापलीकडील एका कृष्णवर्णी क्रिकेटपटूचे स्मरण कशासाठी, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात उभा राहिला असेल. त्याचे उत्तर मी शेवटी देईन. तोवर आपण धीर धरावा, एवढीच विनंती.

मार्च 1962 मध्ये आपला संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर असता, बार्बाडोस येथील सामन्यात चार्ली ग्रिफिथ यांचा वेगवान चेंडू आपले कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या मस्तकावर आदळला. शस्त्रक्रिया करावी लागली. प्राण कंठाशी आले. रक्ताची निकड भासली. रक्त देण्यास जे पुढे सरसावले त्यांत आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर होते, आणि त्यांच्याच पंक्तीस प्रतिपक्षाचे कर्णधार फ्रँक वॉरेलही होते. पारशी, ख्रिस्ती, हिंदू आणि आफ्रिकी वंशाचा बार्बाडोसवासी, अशा भिन्न कुळांतील माणसांचे रक्त एका रुग्णासाठी एकत्र आले. कॉन्ट्रॅक्टरांना कसोटीचे मैदान पुन्हा लाभले नाही. परंतु आयुष्य लाभले.

हे वॉरेल कोण होते? 51 कसोटी सामन्यांत 3860 धावा काढणारे डौलदार फलंदाज, ही त्यांची अर्धीच ओळख. वेस्ट इंडीजचे कर्णधारपद गोऱ्यांकडेच असावे, ही तेथील रूढी. संपूर्ण मालिकेसाठी त्या पदावर नेमले गेलेले ते पहिले कृष्णवर्णी. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या अनेक बेटांतील खेळाडूंचा त्यांनी एकजीव संघ केला. 1960-61 ची मालिका हरूनही हा संघ परतावयास निघाला, तेव्हा मेलबर्नच्या रस्त्यांवर निरोपासाठी अपार जनसमुदाय लोटला होता.

दैवाची गती पाहा! ज्याने परक्यास रक्त दिले, त्यालाच रक्ताच्या कर्करोगाने गाठले. 13 मार्च 1967 रोजी, वयाच्या अवघ्या 42 व्या वर्षी, जमैकात त्यांचे देहावसान झाले. बेटाबेटांवर शोक पसरला. बार्बाडोसच्या भूमीत त्यांस चिरविश्रांती देण्यात आली. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांच्यासाठी स्मरणप्रार्थना झाली. असा मान कोणाही क्रिकेटपटूस त्यापूर्वी मिळाला नव्हता.

परंतु मला सर्वांत मोठी वाटते ती कलकत्त्याची श्रद्धांजली. बंगालच्या क्रिकेट संघटनेने 1981 साली 3 फेब्रुवारी हा दिवस वॉरेल यांच्या नावे रक्तदानाचा दिवस म्हणून पाळण्यास आरंभ केला. ज्यांनी त्यांना कधी खेळताना पाहिलेही नाही, अशा तरुणांनी त्यांच्या नावाने बाही वर सारली. अश्रू वाळतात, हार सुकतात. दिलेले रक्त मात्र कोणाच्या तरी देहात वाहत राहते. रसिकांनी आपल्या आवडत्या खेळाडूचा शोक करावा तर असा!

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर. आपली ज्ञाती विद्यार्थ्यांस साह्य करते, गुणवंतांचा सत्कार करते, याचा मला अभिमान आहे. परंतु रक्ताच्या बाटलीवर गट लिहिलेला असतो, गोत्र नव्हे. म्हणून माझी नम्र सूचना अशी की, पुढील संमेलनापासून आपण रक्तदान सुरू करावे, आणि देणाऱ्याची वा घेणाऱ्याची जात त्यात विचारू नये. पहिले नाव माझे लिहून घ्यावे. वयामुळे डॉक्टरांनी मला परत पाठविले, तर माझ्या जागी माझा नातू उभा राहील.