शोधनिबंध स्वीकारला गेला? मग ती फाइल आधी जपा!

आजचं बोलणं मुख्यतः संशोधक आणि पीएचडीवाल्यांसाठी, पण कर भरणाऱ्या प्रत्येकाचा त्याच्याशी संबंध आहे.

केंद्र सरकारच्या डीबीटी आणि डीएसटी या दोन विभागांनी डिसेंबर २०१४ मध्ये ओपन ॲक्सेस धोरण आणलं. पैसा जनतेचा, तर त्यातून आलेलं ज्ञानही जनतेला वाचता आलं पाहिजे. नियम साधा आहे: जर्नलने निबंध स्वीकारला, की दोन आठवड्यांत त्याचा अंतिम मसुदा संस्थेच्या किंवा विभागांच्या रिपॉझिटरीत ठेवायचा. जर्नलने थांबायला सांगितलं, तर विज्ञानासाठी जास्तीत जास्त सहा महिने आणि मानव्यविद्यांसाठी बारा महिने थांबता येतं. फाइल मात्र लगेच जमा करायची.

आता माझी फजिती ऐका. प्रकल्पाचा शेवटचा अहवाल देताना मला विचारलं गेलं, 'मॅडम, निबंध रिपॉझिटरीत आहे ना?' मी प्रकाशकाची देखणी पीडीएफ पाठवली. ती चालेना! मांडणी प्रकाशकाची, बहुतेक वेळा हक्कही त्याचेच. हवा होता आमचा स्वतःचा मसुदा; परीक्षकांच्या दुरुस्त्या झालेला, पण प्रकाशकाने न सजवलेला. तो होता एका विद्यार्थ्याच्या मेलमध्ये. विद्यार्थी परदेशी गेलेला, संस्थेचा मेल बंद. तीन आठवडे शोधाशोध केली हो!

बरेच जण म्हणतात, 'ओपन ॲक्सेस म्हणजे जर्नलला लाखभर रुपये मोजा.' तसं नाही. रिपॉझिटरीत मसुदा ठेवायला एक रुपया लागत नाही.

दुसरा प्रश्न, 'आता वन नेशन वन सबस्क्रिप्शन आहे, मग कशाला?' नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या योजनेला तीन वर्षांसाठी ६,००० कोटी मंजूर झाले, सुमारे १३,००० जर्नल्स मिळाली. छानच. पण ती योजना सरकारी संस्थांसाठी आखलेली. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरचं काय? कर तर तोही भरतो.

म्हणून एकच करा. स्वीकृतीचा मेल आला की पेढे नंतर, आधी अंतिम मसुदा सगळ्या सहलेखकांकडे पाठवा, जर्नलच्या अटी बघा आणि त्याच आठवड्यात ग्रंथपालांना गाठा. ते वाट बघत असतात, आपणच जात नाही.

भेटू पुढच्या भागात.