बरडाचा हिस्सा

 

मागच्या वेळी आपण बियाण्याची उगवणशक्ती घरच्या घरी कशी तपासायची ते बघितलं. आज जमिनीवर बोलू. पण काळ्याभोर भारी जमिनीवर नाही, तिचं कौतुक करायला माणसं पुष्कळ आहेत. आज बरडावर बोलायचं.

बरड म्हणजे काय हे यवतमाळ जिल्ह्यातल्या बाईला सांगावं लागत नाही. विळा लावला की खण्ण वाजतं ते बरड. निंदायला बसलं की बोटांची सालं निघतात. आणि आमच्या पाहण्यात एक गोष्ट वारंवार आली: वाटणीत बहिणीला, विधवा भावजयीला, टाकलेल्या लेकीला जमीन मिळालीच तर बहुतेक वेळा हाच तुकडा मिळतो. 2005 च्या कायद्यानं लेकीला बरोबरीचा हिस्सा दिला, पण कोणता तुकडा कुणाला हे घरातच ठरतं.

आमच्या गटातल्या एका ताईचं असंच झालं. नाव सांगत नाही. माहेरची दोन एकर मिळाली, ती टेकडीच्या पायथ्याशी. सातबारा बघितला तर त्यातही काही गुंठे पोटखराब. तिनं गटाच्या बैठकीत सातबारा पुढं ठेवला आणि म्हणाली, "गोटेच गोटे हायेत व बाई. काय पिकते त्यात?" त्याच उन्हाळ्यात रस्त्याच्या कामाचा एक ठेकेदार तिच्या दारात आला. मुरूम उचलतो, रोख पैसे देतो म्हणाला. लेकीची नर्सिंगची फी भरायची होती. ती विचारायला आमच्याकडे आली, आणि आम्हाला उत्तर माहीत नव्हतं. मग आम्ही शिकलो. ते आज सांगतोय.

हे गोटे आले कुठून? आपला बहुतेक जिल्हा काळ्या पाषाणावर बसलाय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हा आला, थरावर थर थिजला, त्याचा हा दगड. वणी, झरी-जामणीकडे चुनखडी आणि कोळसा लागतो, ती गोष्ट वेगळी. हा काळा दगड ऊन-पाण्यानं कुजतो, त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती होते. टेकडीवर पाऊस पडला की पाणी सगळं घेऊन धावत खाली येतं. पायथ्याशी उतार कमी झाला की त्याचा जोर मोडतो. मग ते आधी काय टाकतं? जड ते आधी. गोटे पायथ्याशी, त्याच्या खाली रेती, आणि बारीक माती पार नाल्याकाठी. तांदूळ धुताना भांडं कलतं करून बघा. खडे मागं राहतात, कोंडा पाण्याबरोबर पुढं जातो. अगदी तेच. म्हणजे भावाची नाल्याकाठची काळी जमीन आणि बहिणीचं पायथ्याचं बरड एकाच टेकडीची लेकरं आहेत. इतकंच की, बरडातली बारीक माती खाली भावाच्या वावरात गेली.

डोंगराच्या घळीतून बाहेर पडलेला ओढा असे गोटे पंख्यासारखे पसरवून टाकतो. वाळवंटात हे फार ठळक दिसतं. अमेरिकेत डेथ व्हॅली म्हणून दरी आहे. तिथं वर्षाला 50 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही कधीतरी एकदम, आणि डोंगराच्या पायथ्याशी गोट्यांचे मैलभर पंखे पसरलेत. आपल्याकडे 900 मिलिमीटरवर पाऊस पडतो, म्हणून आपलं वाळवंट नाही. पण गोटाळ जमिनीत पाणी थांबतच नाही, त्यामुळे ऑक्टोबरच्या उन्हात बरडातल्या पिकाची गत वाळवंटातल्यासारखीच होते.

आपल्या विदर्भात असे मोठे पंखे बघायचे तर अकोट, तेल्हारा, परतवाड्याकडे जावं लागेल. सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांनी तिथं पायथ्याशी गोटे-रेतीचा पट्टाच्या पट्टा घातला आहे. भूजलवाले त्याला बझाडा म्हणतात. पावसाळ्यात नदी त्या गोट्यांत शिरते आणि पाणी खाली मुरतं. आणि गंमत बघा, त्याच्या खाली पूर्णेकाठी सोन्यासारखी खोल काळी माती आहे, पण तिथं विहीर खोदली की खारं पाणी. खारपाणपट्टा म्हणतात तो हाच. गोड पाणी गोटाळीखाली आणि खारं पाणी काळीखाली. हे ऐकलं तेव्हा आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "मंग गोट्याले नावं कायले ठेवतं?"

आता मुरमाच्या सौद्याचं सांगतो. आपल्या साध्या विहिरींना पाणी येतं ते याच कुजलेल्या दगडातून, मुरमातून. खालचा अखंड पाषाण पाणी धरत नाही. मुरूम खरवडून नेला की पाणी मुरायची जागाच गेली. हिशेबही करून बघितला. एकरात 43,560 चौरस फूट. तीन फूट खणलं तर 1,300 ब्रासवर मुरूम निघतो, ब्रास म्हणजे 100 घनफूट. ठेकेदारानं सांगितलेली रक्कम या 1,300 नं भागली तेव्हा बैठकीत कुणी बोलेना. शिवाय मुरूम हे गौण खनिज आहे. तहसीलची परवानगी लागते, सरकारला स्वामित्वधन भरावं लागतं. परवानगी नसली तर दंडाची नोटीस सातबारावाल्या बाईच्याही दारात येऊ शकते. ठेकेदार तेव्हा दुसऱ्या गावात असतो.

ताईनं मुरूम दिला नाही. फीसाठी गटातून अंतर्गत कर्ज घेतलं. हे सोपं नव्हतं. आठ जणी हो म्हणाल्या, तिघी नाही म्हणाल्या, आणि त्या तिघींचंही चुकत नव्हतं. बरडावर कर्ज फिटतं कुठं, हाच त्यांचा प्रश्न होता.

पहिल्या वर्षी आम्हीच चुकलो. मातीचा नमुना दिला, जमीन आरोग्य पत्रिका आणली. ही योजना फेब्रुवारी 2015 मध्ये राजस्थानातल्या सुरतगडला सुरू झाली, पत्रिकेत 12 गोष्टी तपासून येतात. आकडे बरे दिसले. आम्ही म्हटलं लाव कापूस, आणि खत पत्रिकेप्रमाणे दे. तिनं खताचा मोठा वाटा एकदमच दिला. जुलैत जोराचा पाऊस झाला, खत गोट्यांतून खाली निघून गेलं. ऑक्टोबरात पाऊस थांबला, बोंडं भरायच्या आधीच पऱ्हाटी लाल पडून सुकली.

चूक कुठं झाली हे नंतर कळलं. प्रयोगशाळेत माती दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात, खाली पडते तेवढीच तपासतात. गोटे बाजूला. म्हणजे पत्रिकेतले आकडे वावराचे नसतात, गोटे सोडून उरलेल्या मातीचे असतात. आम्ही ताईच्या वावरात वीतभर खोल खड्डा केला, 10 किलो माती काढली, वाळवली, मोहरीचा मोठा दाणा जेमतेम पडेल अशा चाळणीनं चाळली. सहा किलो गोटे वर राहिले. पीक जगायचं ते उरलेल्या चार किलोंवर. हे तुम्हीही करून बघा. तीन-चार जागची माती घ्या, एका जागेवरून काही ठरवू नका.

मग दुसऱ्या वर्षी काय केलं? आधी गोट्यांचं. लहानपणापासून आपल्याला सांगितलं जातं की गोटे वेचून वावर स्वच्छ करा. सगळे वेचू नका. डवऱ्याला, वखराला अडतात ते मोठे वेचा. बारीक गोटे वर राहू द्या. ते पावसाच्या थेंबाचा मार अंगावर घेतात, त्यांच्या आडोशाला ओल जरा टिकते. वेचलेल्या मोठ्या गोट्यांचे आम्ही उताराला आडवे बांध घातले. आडवे म्हणजे पातळीत. पातळी डोळ्यानं धरू नका, डोळा फसवतो. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन काठ्यांना बांधली, की दोन बाया अर्ध्या दिवसात रेघ आखून देतात. बांधातून पाणी जातं, माती अडते.

त्यानंतर गाळ. 2017 पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आहे. गावतळ्यातला गाळ म्हणजे आपल्याच बरडातून गेलेली बारीक माती, ती परत आणायची. पण बांध आधी, गाळ नंतर. शेजारच्या गावात गाळ आधी टाकला, तो पहिल्याच पावसात वाहून गेला. ट्रॅक्टरचं भाडं पाण्यात.

पिकंही बदलली. मूग, तीळ, बरबटी, जी ओल संपायच्या आत घरात येतात, आणि मध्ये तुरीच्या ओळी. कापूस लावायचाच असेल तर नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं हलक्या जमिनीसाठी ठेंगणे, लवकर येणारे वाण दाट लावायची पद्धत सांगितली आहे, कृषी सहायकाला विचारा. खत थोडं थोडं, दोन-तीन हप्त्यांत, ओल असतानाच. बांधाकडेनं सीताफळ लावलं. आपल्या टेकड्यांवर सीताफळ कुणी न लावता येतं, त्याला हे गोटे नवे नाहीत.

त्या वर्षी पाऊस फार झाला. खालच्या काळीत पाणी साचून कपाशी पिवळी पडली. बरडात पाणी थांबलं नाही, मूग हाती आला. दरवर्षी असं होईल असं आम्ही म्हणत नाही. पाऊस महिनाभर दडला तर बरडच आधी सुकतं, तेव्हा काळी जमीन तरून जाते.

कर्जाचे निम्मे हप्ते फिटलेत. नाही म्हणणाऱ्या तिघींपैकी एकीनं यंदा आपल्या नवऱ्याच्या वावरात नळीनं पातळी धरायला आम्हाला बोलावलं. ताईचं आता पोटखराबाचं काम चाललंय. नोंद वर्ग अ ची असेल आणि तो तुकडा लागवडीखाली आणला असेल, तर लागवडीयोग्य क्षेत्र म्हणून नोंद करून घेण्यासाठी तलाठ्याकडे अर्ज करता येतो. नोंद झाली नाही तर पीककर्जात आणि विम्यात ते क्षेत्र धरत नाहीत. अर्ज दिलाय, पोच घेतली आहे. पोच घ्याच. तुमच्याही सातबाऱ्यावर पोटखराब लिहिलं असेल तर पुढच्या बैठकीला सातबारा घेऊन या, आणि सोबत पिशवीत 10 किलो माती. चाळणी आम्ही आणतो.