पात्र झालो म्हणून पैसे गुंतवायचे का?

आज बचतीबद्दलच बोलायचंय, पण जरा वेगळ्या बाजूनं.

गेल्या काही वर्षांत आपल्या नावावर बँकेत खातं आलं, पॅन कार्ड आलं, फोनवरून पैसे पाठवता यायला लागले. गटाच्या बचतीचं वाटप झालं की वीस-चाळीस हजार एकरकमी हातात येतात. आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी येऊन सांगतं, "ताई, आता तुम्हीही पात्र झालात. कंपनी अजून शेअर बाजारात आलेली नाही, आत्ताच शेअर घ्या. बाजारात आली की दुप्पट."

आमच्याकडे असा एक पाहुणा संक्रांतीनंतर आला. एका मैत्रिणीच्या नात्यातलाच. आम्ही चहा केला, ऐकून घेतलं. मनात शंका होती, पण ज्याचे पैसे त्याचा निर्णय म्हणून गप्प बसलो. आमच्यातल्या एकीनं वीस हजार रोख दिले. तिला मिळालेल्या पावतीवर कंपनीचं नावही नाही, नुसती सही आहे. ते पैसे मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेले होते. आमचं ते गप्प बसणं आम्हाला आजही टोचतं, म्हणून हे बोलतोय.

'पात्र' हा शब्द आपल्याला सरकारी योजनांमुळे ओळखीचा. योजनेत पात्र म्हणजे काहीतरी मिळणार. खासगी गुंतवणुकीत त्याचा अर्थ वेगळा आहे. सेबी म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था. तिनं २०२१ मध्ये 'मान्यताप्राप्त गुंतवणूकदार' अशी वर्गवारी आणली. त्यातला एक निकष वर्षाला किमान २ कोटी रुपये उत्पन्नाचा आहे. यामागचा हिशोब साधा आहे: या माणसाचे पैसे बुडाले तरी त्याची चूल विझणार नाही. म्हणजे इथे पात्रता ही तोटा सोसण्याची असते. ती आपली आपणच तपासायची.

खासगी कंपनीचे शेअर घेणं बेकायदा नाही. पण त्याचे नियम आहेत. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे अशी खासगी विक्री वर्षाला साधारण २०० लोकांपुरतीच करता येते. देकार तुमच्या नावानं लेखी यावा लागतो. जाहिरात करता येत नाही, आणि पैसे रोखीनं घेता येत नाहीत. मग जो माणूस गावोगाव बैठका घेऊन रोख गोळा करतो, तो 'फक्त तुमच्यासाठी' म्हणाला तरी ती खासगी विक्री कशी?

सहाराचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांच्या दोन कंपन्यांनी रोखे विकले आणि ही खासगी विक्री आहे असं म्हटलं. पैसे मात्र घेतले जवळपास तीन कोटी लोकांकडून. त्या वेळच्या कायद्यात मर्यादा पन्नासच्या आतली होती. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं २४ हजार कोटींहून जास्त रक्कम १५ टक्के व्याजानं परत करायला सांगितलं. निकाल लागला, पण लोकांना त्यानंतरही वर्षानुवर्षं थांबावं लागलं.

सगळं कायदेशीर असलं तरी एक अडचण राहतेच. सोनं गहाण ठेवता येतं, शेळी बाजारात विकता येते. बाजारात नसलेला शेअर उद्या दवाखान्याची गरज पडली तर घेणार कोण? म्हणून आम्ही आता चार प्रश्न ठरवलेत. एक, कागद माझ्या नावाचा आहे का? दोन, पैसे थेट कंपनीच्या बँक खात्यात जातात का? तीन, मला मध्येच पैसे लागले तर हे शेअर कोण घेईल? चार, सगळे बुडाले तर घरात काय अडेल? एकाही प्रश्नाचं उत्तर अडलं, तर पैसे द्यायचे नाहीत.

शेतकरी उत्पादक कंपनीची गोष्ट थोडी निराळी. तिचे शेअरही बाजारात विकता येत नाहीत. पण तिथे आपण माल देतो, सभेला बसतो, आणि शेअर कितीही असले तरी एका सभासदाला एकच मत असतं. तिथे पैसे घालायचे ते धंद्यातल्या भागीदारीसाठी, दुप्पट होतील म्हणून नाही. तिथेही ताळेबंद मागून बघायचाच.

आमचं मत विचाराल तर, गटाचा पैसा अशा ठिकाणी कधीच नको. गटातून कर्ज काढून तर अजिबात नको. फी, औषधपाणी, पेरणी यांचे पैसे बँकेत किंवा पोस्टात ठेवा. बँकेतल्या ठेवीला व्याजासकट ५ लाखांपर्यंत विमा असतो. एवढं सगळं बाजूला ठेवून काही उरलं, आणि ते गेलं तरी रात्री झोप लागेल असं वाटलं, तरच पुढचा विचार करा.

कुणी फसवलं असेल तर लाजू नका. पावती जपून ठेवा, पोलिसांत तक्रार द्या. रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' या संकेतस्थळावरही बेकायदा ठेवींची तक्रार नोंदवता येते. आमच्या मैत्रिणीबरोबर आम्ही सगळ्या पोलीस ठाण्यात गेलो. पैसे अजून आले नाहीत. मुलीची फी या वेळी गटातून कर्ज देऊन भरली.

पुढच्या बैठकीत हे चार प्रश्न एकदा मोठ्यानं वाचा. आणि शंका आली तर आमच्यासारखं गप्प बसू नका.