कॅमेऱ्याशी लेखी व्यवहार



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी मला विचारले, "बटण दाबले की चित्रण होते, मग काळ्या पडद्यावर आज्ञा टंकीत बसण्याचा खटाटोप हवाच कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी थोडे मागे जाऊ.

१९९१ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत बऱ्याच जणांना मिळून कॉफीचे एकच भांडे होते. लांबून जिने उतरून यावे, तर भांडे रिकामे! तेव्हा तेथील संशोधकांनी भांड्यासमोर कॅमेरा रोखला आणि त्याचे चित्र जागेवर बसून पाहण्याची सोय केली. वेबकॅमचा जन्म हा असा झाला. १९९३ साली ते चित्र जगाला दिसू लागले आणि २००१ साली तो कॅमेरा बंद झाला. चित्र करड्या छटांचे, लांबी-रुंदीला १२८ ठिपक्यांचे. म्हणजे अवघे सोळा हजार ठिपके. भांडे भरलेले की रिकामे एवढेच पाहावयाचे होते, तेव्हा तेवढे पुरत होते.

आज हाय-डेफिनिशन म्हणून जे चित्र मिळते त्यात आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके असतात. असा एक कॅमेरा मीही आणला आणि माझ्या वृद्ध मावशीसमोर ठेवला. उकडीच्या मोदकाच्या कळ्या ती कशा पाडते हे मला टिपून ठेवावयाचे होते. चित्रण झाले. पुढे काही महिन्यांनी ते पाहावयास बसलो, तो काय! चेहरा स्वच्छ, पीठ स्वच्छ, पण बोटे मात्र एका जागेवरून दुसऱ्या जागी उड्या मारीत होती. कळी पडण्याचा नेमका क्षण कोठेच नव्हता. आणि पुन्हा टिपावयास मावशी राहिली नव्हती.

दोष कॅमेऱ्याचा असेल असे मला वाटले. पण हिशेब मांडून पाहिला. कच्च्या स्वरूपात प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट धरले, तर एका चित्राला ४१ लाखांवर बाइट होतात. हालचाल अखंड दिसावयाची तर सेकंदाला ३० चित्रे हवीत. म्हणजे १२ कोटी ४४ लाख बाइट. आणि कॅमेऱ्याची तार यूएसबी २.० जातीची, तिची क्षमता कागदोपत्रीसुद्धा सेकंदाला सहा कोटी बाइट! घागरभर पाणी तांब्यात मावावयाचे कसे? मग कॅमेरा चित्रांची संख्या घटवितो. माझ्या वाट्याला सेकंदाला पाचच चित्रे आली होती.

यावर तोड कॅमेऱ्यातच असते. प्रत्येक चित्र छायाचित्राप्रमाणे दाबून लहान करून पाठवावयाचे, या रूपाला एमजेपेग म्हणतात. तसे केले की तीसही चित्रे त्याच तारेतून येतात. परंतु ते रूप मागावे लागते. न मागितल्यास बहुधा कच्चे रूप पदरी पडते.

मागावयाचे कसे? लिनक्स प्रणालीवर एफएफएमपेग नावाचे साधन आहे. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामकाराने ते २००० साली सुरू केले. पुढे अनेकांनी वाढविले आणि ते कोणासही मोफत मिळते. त्याला एका ओळीत सांगावयाचे: रूप एमजेपेग, आकार १९२० गुणिले १०८०, वेग ३०, मग कॅमेऱ्याचा पत्ता; त्यानंतर 'आले तसे उतरवून घे' आणि शेवटी फाइलचे नाव. येथे क्रमाला महत्त्व आहे. मराठीत विशेषण नामाआधी येते, तसे कॅमेऱ्याविषयीचे सारे शब्द त्याच्या पत्त्याआधी यावे लागतात. पत्त्यानंतरचे शब्द फाइलला लागू होतात. आवाज हवा असेल तर मायक्रोफोनचा पत्ता निराळा द्यावा. आणि या सर्वांआधी व्ही४एल२-सीटीएल या दुसऱ्या साधनाकडून आपला कॅमेरा कोणती रूपे, कोणते आकार आणि कोणता वेग देऊ शकतो याची यादी मागवावी.

आणखी एक सावधगिरी. फाइल एमपी४ जातीची असेल, तर तिची अनुक्रमणिका सामान्यतः शेवटी लिहिली जाते. मध्येच वीज गेली, तर तासाभराचे चित्रण असूनही ते उघडत नाही. मात्रोस्का जातीच्या फाइलमध्ये तोवरचा भाग बहुधा वाचतो. ज्यांच्या गावी वीज जाते त्यांनी हे विसरू नये. अशी फाइल मोठी होते खरी, पण तिला लहान करण्याचे काम मागाहून सावकाश करता येते.

आता स्नेह्यांच्या प्रश्नाकडे वळतो. परगावच्या मुलीशी दोन शब्द बोलावयाचे असतील, तर बटण पुरेसे आहे. परंतु जी गोष्ट पुन्हा घडणार नाही ती टिपताना व्यवहार लेखी असावा. बटण दाबणे हा तोंडी व्यवहार. काय मागितले आणि काय मिळाले याची नोंद राहत नाही. आज्ञेच्या ओळीत मागणी लेखी असते, आणि तिचे उत्तरही लेखी येते.

आणि येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. त्या दिवशीही मी एफएफएमपेगच वापरले होते. घाईत रूप सांगावयाचे राहिले. मी तीस चित्रे मागितली, तेव्हा पडद्यावर एक ओळ उमटली होती की, वेग बदलून पाच केला आहे. यंत्राने काहीच लपविले नव्हते. मावशी पीठ मळीत होती, मी घाईत होतो, आणि ती ओळ मी वाचली नाही.

आपल्यापैकी कोणाच्या घरी अशी बोटे अजून चालत असतील, तर कॅमेरा जरूर लावा. आधी एक मिनिटाचे चित्रण करून पाहा, आणि पडद्यावर आलेले उत्तर शेवटच्या शब्दापर्यंत वाचा.