शेवटच्या गाडीआधीचं कॉलेज



कॉलेजचे दिवस म्हटले की कट्टा, कॅन्टीन, गॅदरिंग, नाटकाच्या तालमी आणि वसतिगृहातल्या रात्ररात्र चाललेल्या गप्पा डोळ्यांपुढे येतात. खेड्यातून रोज एसटीनं ये-जा करणाऱ्या मुलामुलींचं कॉलेज या चित्रात बसत नाही. मी त्यांच्यातलीच एक. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीची. बी. ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय भूगोल. आज मला आमच्या दिवसाबद्दल बोलायचं आहे. आम्हाला शिकवणारे शिक्षक मनापासून शिकवतात, पुस्तकंही मिळतात. कमी पडतो तो दिवस.

आमच्या गावातून कॉलेजला जाणारी मुलं तीन दिशांना पांगतात. कुणी पारनेरला, कुणी घोडनदी ओलांडून शिरूरला, कुणी थेट नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. पुणे-नगर रस्त्यावरचा वाडेगव्हाण फाटा गावापासून पाच किलोमीटरवर आहे. सकाळी तिथं उभं राहिलं की सगळा तालुका कामाला निघालेला दिसतो. सुप्याच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारे कामगार, आयटीआयची मुलं, दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटारसायकली, तपासणीसाठी नगरच्या दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं तर त्याच्याही आधी, अंधारातच रस्त्यावर पळून गेलेली असतात. गाडीत बसायला जागा मिळाली तर वाचन होतं. उभं राहावं लागलं तर एका हातानं दांडी धरून वही उघडता येत नाही, पण पाठांतर होतं. खडकांचे प्रकार, वाऱ्यांचे पट्टे, नद्यांच्या उपनद्या मी बहुतेक उभ्यानंच पाठ केल्या.

बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत असतो. त्या योजनेला अहिल्याबाई होळकरांचं नाव आहे. त्या आपल्याच जिल्ह्यातल्या, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. हा पास नसता तर माझ्या वर्गातल्या किती मुली दहावीनंतर घरी बसल्या असत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलेल्या घरांवरून सांगू शकते. पुढे पदवीला गेलं की भाड्याच्या एक तृतीयांश रकमेत पास मिळतो. तोही मोठा आधार आहे. एसटीनं आम्हाला कॉलेजच्या दारापर्यंत आणलं, याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. दारातून आत गेल्यावर आम्ही तिथं किती वेळ थांबू शकतो, हा माझा प्रश्न आहे.

एक प्रसंग सांगते. दुसऱ्या वर्षाला आम्हाला टोपोशीट, म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा, वाचायला शिकवतात. एकास पन्नास हजार प्रमाणाचा. जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर दोन सेंटिमीटरचा होतो. तपकिरी समोच्च रेषा, दोन रेषांमध्ये २० मीटर उंचीचं अंतर. काचेच्या टेबलाखाली दिवा लावायचा, वर नकाशा, त्यावर ट्रेसिंग पेपर, आणि पेन्सिलीनं एकेक प्रवाह उतरवत जायचा. सरांनी माझ्यासाठी मुद्दाम आमच्या भागाचा नकाशा काढून दिला. वर्षभर पाणी असलेला प्रवाह नकाशात निळा दाखवतात आणि कोरडा नाला काळ्या रेषेनं. आमच्या शिवारातले नाले काळे होते. मी बोटानं एकेक नाला वरच्या टेकडीपासून खाली गावापर्यंत आणला. सर्वेक्षण माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचं. आमच्या ओळखीचे बंधारे त्या कागदावर नव्हते.

हे बंधारे कुठे भरायचे ते मला ठाऊक नव्हतं. आजोबांना ठाऊक होतं. रात्री त्यांनी जमिनीवर खडूनं नाले काढून दाखवले. कुठला बांध आधी घातला, कुठल्या तलावातून पाणी गळत होतं आणि तो गावानं श्रमदानानं कसा दुरुस्त केला, कुणाच्या बैलांनी माती ओढली. दुसऱ्या दिवशी मला हे सगळं त्या नकाशावर नेमकं बसवायचं होतं. उताराचा कोन काढायचा होता, बांधाच्या वरचं पाणलोट किती हे मोजायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या विषयानं मला असं धरून ठेवलं होतं. आणि तेवढ्यात गाडीची वेळ झाली. नकाशा घरी नेता येत नाही, टेबल तर नाहीच नाही. मी कागद गुंडाळला आणि स्टँडकडे पळाले. नंतर ते काम पूर्ण झालं, गुणही मिळाले. पण ज्या क्षणी डोकं त्यात पूर्ण बुडालं होतं, तो क्षण पुन्हा आला नाही.

आमच्या गावात पाऊस कमीच, वर्षाला साधारण ४०० ते ५०० मिलिमीटर. १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून निवृत्त होऊन गावात आले तेव्हाही एवढाच पडत होता, पण पडायचा आणि वाहून जायचा. गाव दुष्काळी होतं, दारूच्या भट्ट्यांचं होतं, शिवारात खाण्यापुरतंही पिकत नव्हतं. मग पुरंदर तालुक्यात पाणी पंचायतीचा प्रयोग करणाऱ्या विलासराव साळुंखे यांच्यासारख्यांचा सल्ला घेऊन गावानं टेकडीवर चर खणले, झाडं लावली, नाल्यांना बांध घातले. पाणलोटाचं काम करणारी माणसं सांगतात तसं, धावणाऱ्या पाण्याला चालायला लावलं, चालणाऱ्याला थांबवलं आणि थांबलेलं जिरवलं. पाऊस तेवढाच राहिला, विहिरींना मात्र पाणी आलं. ये-जा करणाऱ्या मुलांचं शिक्षण मला बांध घालण्याआधीच्या त्या पावसासारखं वाटतं. तास होतात, व्याख्यानं होतात, सगळं वेळच्या वेळी पडतं, आणि जिरायच्या आत आम्ही गाडीत बसून निघून जातो.

हे जिरणं काय असतं ते मला राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात कळलं. ही योजना १९६९ साली, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. वर्षाला १२० तास काम आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर. आमचं शिबिर शेजारच्या एका गावात होतं. टेकडीवर सलग समतल चर खणत होतो. एका मुलाची कुदळ खडकावर आपटली आणि काळ्या दगडाच्या पोटातून पांढरे, चकाकणारे खडे बाहेर पडले. आम्हाला वाटलं गारगोटी. सर तिथंच मातीच्या ढिगावर बसले. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या, मग खडकात झिरपणाऱ्या पाण्यातून आलेल्या खनिजांनी त्या सावकाश भरल्या. त्यातलं एक खनिज म्हणजे झिओलाइट. हे आम्ही पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. पण तो दगड हातोहात फिरला, प्रश्नामागून प्रश्न निघाले. वर्गात कधी तोंड न उघडणारा एक मुलगा सांगू लागला की त्यांच्या विहिरीचं खोदकाम चाललं होतं तेव्हा असा थर किती फुटांवर लागला आणि त्याखाली पाणी कसं लागलं. सरांनी वही काढून ते लिहून घेतलं. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथंच होतो, कारण कुणालाच गाडी पकडायची नव्हती.

खेड्यातल्या मुलाला शाळेची फी माफ केली की झालं, असं आपल्याकडच्या मोठ्या माणसांनी कधीच मानलं नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात वसतिगृहांची सुरुवात केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांच्या मुलांना एकत्र राहता येईल असं वसतिगृह उभारलं. तिथली मुलं स्वतः स्वयंपाक करत, शेतात राबत आणि शिकत. शाळेच्या जवळ छप्पर असेल तरच खेड्यातलं पोर शिकेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आमच्या राळेगणच्या संत निळोबाराय विद्यालयाचंही तसंच. इतर ठिकाणी नापास झालेल्या, शाळेनं नको म्हटलेल्या मुलांना इथं वसतिगृहात घेतलं जातं, हे ऐकत मी लहानाची मोठी झाले. ती मुलं पहाटे रस्त्यानं पळताना मी लहानपणापासून पाहिली आहेत. त्यांना वेगळी पुस्तकं दिली जात नव्हती. त्यांना पूर्ण दिवस दिला जात होता. व्यायाम, काम, अभ्यास, आणि विचारपूस करणारं माणूस हाकेच्या अंतरावर.

दुसरं उदाहरण आमच्याच तालुक्यातलं. पारनेरात १८८० साली जन्मलेले क्रांतिकारक सेनापती बापट पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले आणि शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेले. शिष्यवृत्तीतून फी भागते हे खरं, पण मला वाटतं तिच्यातून विद्यार्थ्याला सगळ्यात जास्त मिळतो तो वेळ.

मुलींच्या बाबतीत तर वेळेची ही कमतरता फारच टोचते. मुलाकडे मोटारसायकल असते, किंवा मित्राची असते. तो तालमीला थांबतो, कबड्डीच्या सरावाला थांबतो, वक्तृत्व स्पर्धेच्या तयारीला थांबतो. मुलगी गाडीनं निघते. आमच्या वर्गातली एक मैत्रीण इतकं सुंदर बोलते की नाटकातली भूमिका तिलाच मिळायला हवी होती, पण तालमी सहाला सुरू व्हायच्या. तिनं आपणहून नाव मागं घेतलं आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, आणि अजून वाटतं. व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या, ठरावीक उत्पन्नाखालच्या घरांतल्या मुलींची फी २०२४ पासून शासन भरतं, ही फार मोठी गोष्ट आहे, पण त्यातून संध्याकाळ मिळत नाही. ज्या विद्यापीठाची पदवी मला मिळेल त्याला सावित्रीबाई फुल्यांचं नाव आहे, आणि सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण आपल्या नगरला मिस फॅरार यांच्या संस्थेत घेतलं. पुण्याहून नगर म्हणजे त्या काळात केवढा प्रवास! शिकण्यासाठी त्यांना घरापासून दूर राहू दिलं गेलं, म्हणून पुढचं सगळं घडलं. आज पंचवीस किलोमीटरवरची मुलगी संध्याकाळी सातपर्यंत कॉलेजात थांबणार म्हटलं की घरात चार प्रश्न उभे राहतात. ते प्रश्न काळजीपोटी असतात, हे मला समजतं. माझे वडील स्वतः फाट्यावर गाडी घेऊन येतात तेव्हा दिवसभराच्या कामानं ते किती थकलेले असतात, हेही मी पाहते.

कुणी म्हणेल, आता मोबाइलवर सगळं शिकता येतं. येतं, आणि मीही शिकते. व्याख्यानं ऐकते, उपग्रहाची चित्रं पाहते, त्यात आमचे बंधारेही दिसतात. पण एखाद्या ग्रंथालयात कपाटांपुढे उभं राहून, मागायला गेलो नव्हतो तेच पुस्तक हाती लागणं मोबाइलवर घडत नाही. आणि मी चुकीच्या दिशेनं विचार करते आहे हे सरांना माझ्या चेहऱ्यावरून कळतं, पडद्यावरून कळत नाही.

आमचं गाव पाहायला देशभरातून कॉलेजची मुलं येतात. वही-पेन घेऊन उतरतात, बंधारे पाहतात, यादवबाबांच्या मंदिरात जातात, प्रश्न विचारतात. ती गावात शिरत असतात तेव्हा मी शिकायला गावाबाहेर पडत असते. गाव बदलायचं तर आधी ग्रामसभेत बोलावं लागतं, हे मात्र आम्हाला कुणी अभ्यासक्रमातून शिकवावं लागत नाही. म्हणून आम्ही ये-जा करणाऱ्या मुलींनी यंदा दोन अर्ज लिहिले आहेत. एक कॉलेजच्या प्राचार्यांना: वेळापत्रक ठरवण्याआधी एसटीचं वेळापत्रक शेजारी ठेवावं, प्रात्यक्षिकं सलग घ्यावीत, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा संध्याकाळच्या गाडीपर्यंत उघड्या ठेवाव्यात, आणि तालमी निदान आठवड्यातून दोनदा दुपारी घ्याव्यात. दुसरा एसटीच्या आगार व्यवस्थापकांना: कॉलेज सुटण्याची वेळ पाहून संध्याकाळची एक फेरी तासभर पुढे न्यावी. तिसरा अर्ज अजून लिहायचा आहे, तो आमच्या ग्रामपंचायतीला. गावात अभ्यासिकेसाठी एक खोली हवी आहे, रात्री दहापर्यंत उघडी, आणि तिच्यात काचेचं एक टेबल, खाली दिवा लावलेलं. माझ्यानंतर भूगोल घेणाऱ्या मुलीसाठी. आमच्या शिवाराच्या नकाशाची प्रत मी विद्यापीठाच्या परीक्षेनंतर स्वतः करून त्या खोलीत लावणार आहे, सगळे बंधारे भरून. आजोबांनी त्यांची नावं सांगायचं कबूल केलं आहे.