संगणकावर गाव वसविताना

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)





मी गणिताचा शिक्षक. व्हिडिओ गेम या विषयावर मी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. मलाही वाटते. पण गेल्या वर्षी दहावीच्या वर्गातील एक मुलगी तास संपल्यावर माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "सर, मला गेम बनवायचा आहे. मारामारीचा नाही. एका गावाचा. अब्बा म्हणतात, हे काही शिक्षण नव्हे." दुसऱ्या दिवशी तिचे वडीलही आले. "सर, तुम्हीच समजवा तिला. पोरगी हुशार आहे, वाया जाऊ नये." दोघांनीही मला पंच केले. पंचाने निवाडा देण्यापूर्वी खटला तरी वाचला पाहिजे, म्हणून मी माझ्या नातवाकडून हे खेळ समजून घेतले. जे समजले ते आज आपणांपुढे मांडतो.

या प्रकारच्या खेळात गाव हाच खेळ असतो. आपण एका लहान वस्तीत राहावयास येतो, बी पेरतो, मासे धरतो, शेजाऱ्यांशी बोलतो, कोणाला पत्र लिहितो. शत्रू नाही, आणि असला तरी मुख्य नाही. हरण्याची भीती जवळजवळ नाही. मग यात खेळण्यासारखे काय, असा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे उत्तर हे खेळ ज्यांनी रचले त्यांच्या हकिकतीत मिळाले.

जपानमधील कात्सुया एगुची हे गृहस्थ मूळचे चिबाचे. १९८६ साली निंतेंदो कंपनीत नोकरीसाठी ते क्योटोला आले. घरची माणसे आणि मित्र मागे राहिले. जवळच्या माणसांत असणे म्हणजे काय, हे त्यांना परक्या शहरात उमगले, आणि ते पुन्हा उभे करता येईल का, हा विचार त्यांच्या मनात राहिला. पुढे ते संसारी झाले. कामावरून रात्री उशिरा घरी यावयाचे, तोवर मुलांचे खेळून झालेले असावयाचे. एका घरातली माणसे वेगवेगळ्या वेळी खेळूनही एकत्र खेळल्यासारखी वाटतील असा खेळ का असू नये? यातून २००१ साली 'दोबुत्सु नो मोरी', म्हणजे 'प्राण्यांचे रान', हा खेळ निघाला. बाहेरच्या जगात तो 'अॅनिमल क्रॉसिंग' या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात एका गावात चार जण राहू शकत, पण एका वेळी एकच खेळे. मुलाने दुपारी पत्र लिहून ठेवावे आणि बापाने रात्री येऊन ते वाचावे, अशी योजना होती.

पालकहो, ज्यांच्या घरातील कर्ता पुरुष कुवेत किंवा दुबईला आहे, त्यांना ही योजना समजावून सांगावी लागणार नाही. आपल्याकडेही एके काळी पत्रे आणि टेप केलेल्या कॅसेटी अशाच एकाच्या दुपारी निघून दुसऱ्याच्या रात्री पोहोचत.

आता रचनेकडे वळू. एगुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पहिल्या आराखड्यात साहसाचा भाग पुष्कळ होता. खेळ ज्या डिस्क-यंत्रासाठी आखला होता ते बाजारात चालले नाही, म्हणून तो साध्या कार्ट्रिजमध्ये बसवावा लागला. जागा कमी पडली. साहस गेले, गाव राहिले. परंतु एक वस्तू त्यांनी सोडली नाही, ती म्हणजे घड्याळ. ते त्यांनी कार्ट्रिजच्या आतच बसविले. बाहेर रात्र झाली की खेळातही रात्र होते, दुकान बंद होते. आठ दिवस आपण फिरकलो नाही तर गवत माजते आणि शेजारी विचारतात, इतके दिवस होतात कोठे? आपण नसतानाही चालत राहते म्हणून ते गाव खरे वाटते. माझ्या समजुतीप्रमाणे या सगळ्या विद्येचे मर्म येथेच आहे. खेळणारा गावाचा राजा नसतो, तेथला एक रहिवासी असतो.

जाता जाता एक गंमत. त्या गावातला दुकानदार आपल्याला घर देतो आणि कर्जही देतो, पण त्यावर व्याज नाही आणि फेडीची मुदतही नाही. माझ्या नातवाने विचारले, "दादा, हे कर्जे हसना झाले का?" मी खूश झालो. नंतर कळले की मालिकेतील पुढच्या खेळांत बँक आली आणि ती ठेवीवर व्याज देते. तेव्हा माझा आनंद थोडा आवरता घेतला.

दुसरे उदाहरण विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे. अमेरिकेतील एरिक बॅरोन या तरुणाने २०११ साली संगणकशास्त्राची पदवी घेतली. नोकरी मिळेना. हात साफ व्हावा, मुलाखतीत दाखविता यावे, म्हणून त्याने गावाचा एक खेळ करावयास घेतला. लहानपणी त्याने 'हार्वेस्ट मून' नावाचा जपानी खेळ खेळला होता. तो खेळ यासुहिरो वादा यांनी १९९६ साली काढला. वादाही खेड्यात वाढून टोकियोला आलेले. बॅरोनने साडेचार वर्षे एकट्याने काम केले. आज्ञावली त्याची, चित्रे त्याची, संगीत त्याचे, संवादही त्याचेच. चित्रे पसंत पडली नाहीत की तो पुन्हा काढी. मधल्या काळात सिॲटलच्या एका नाट्यगृहात तो प्रेक्षकांना जागा दाखविण्याचे काम करीत असे, आणि घरखर्चाचा भार त्याच्या जोडीदारीणीने उचलला. २०१६ च्या फेब्रुवारीत 'स्टारड्यू व्हॅली' बाहेर पडला. २०२४ अखेर त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या.

हा आकडा ऐकून कोणी शाळा सोडू नये. असे खेळ करणारे पुष्कळ, आणि त्यांतील बहुतेकांना झालेला खर्चही परत मिळत नाही. बॅरोनच्या हाती पदवी आधी होती, खेळ नंतर आला, हा क्रम विसरू नका.

पण त्याचे काम पाहण्यासारखे आहे. त्याच्या गावातील प्रत्येक माणसाचे वेळापत्रक आहे. सोमवारी कोठे, पाऊस असला तर कोठे, हिवाळ्यात कोठे. आपल्या शाळेच्या भिंतीवर टांगलेला तक्ता आणि हा तक्ता यांत फरक नाही. खेळातला एक दिवस आपल्या घड्याळाने सुमारे चौदा मिनिटांचा, ऋतू अठ्ठावीस दिवसांचा. तेवढ्यात शेताला पाणी घालावयाचे की कोणाला भेटावयास जावयाचे, हे आपण ठरवावे. कोणाला काय आवडते ते लक्षात ठेवून भेट द्यावी, तीही आठवड्यातून दोनदाच, म्हणजे प्रेम विकत घेता येऊ नये! एक सैनिक पहिल्या वर्षी गावात नसतोच. त्याची बायको-मुले दिसतात, तो दुसऱ्या वर्षी परत येतो. लायनस नावाचा एक म्हातारा गावाबाहेर तंबूत राहतो. आपण कोणाच्या दाराजवळची कचऱ्याची पेटी उचकली आणि कोणी पाहिले, तर त्या माणसाच्या मनातून आपण उतरतो. एकटा लायनस रागावत नाही. संगणकाच्या दृष्टीने हा 'जर-तर'चा एका ओळीचा नियम आहे. पण ती ओळ लिहिण्यासाठी भूक म्हणजे काय, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असावे लागते.

पालकांची काळजी मी हलकी मानीत नाही. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांनी घरे बुडाली. २०२५ साली संसदेने त्यांवर बंदीचा कायदा केला तो उगाच नव्हे. गावाच्या खेळातही हा रोग शिरू शकतो. 'अॅनिमल क्रॉसिंग'चीच मोबाइलवरील एक आवृत्ती २०१७ साली निघाली, तीत थांबावयाचे नसेल तर पैसे मोजा, अशी सोय होती. २०२४ साली ती बंद करून एकदाच किंमत घेणारी आवृत्ती काढण्यात आली. गाव तेच, प्राणी तेच. मुलाच्या हातातील खेळ थांबल्याबद्दल त्याच्याकडे काय मागतो, हे पालकांनी शेजारी बसून एकदा पाहावे. नुसते ओरडून ते कळत नाही.

आता त्या मुलीकडे येतो. मी तिला सांगितले, संगणक नंतर. आधी आलेखाच्या कागदाची वही घे आणि आपल्या मोहल्ल्यातील दहा माणसे निवड. पहाटेच्या अजानपासून रात्री दहापर्यंत प्रत्येक जण कोठे असतो, ते ओळीने मांड. दोघांच्या ओळी जेथे एकमेकींना छेदतील तेथे काय घडते ते लिही. स्टारड्यूमधील जमिनीचा प्रत्येक तुकडा सोळा गुणिले सोळा ठिपक्यांचा आहे, तेव्हा तेवढ्या चौकटीत एक विहीर काढून दाखव.

तीन आठवड्यांनी वही आली. पाववाल्याची सायकल, शाळेची घंटा, रिक्षावाले चाचा, शिलाई मशीन चालविणाऱ्या खाला, सारे होते. निर्देशांक बरोबर होते, विहीर मात्र बादलीसारखी दिसत होती. दहावी ओळ तिच्या दादीची. तीत पहाटेपासून रात्रीपर्यंत एकच शब्द होता: खिडकी. मी म्हटले, "अगं, हे पात्र तर हलतच नाही. याचा खेळात उपयोग काय?" ती म्हणाली, "सर, बाकी नऊ जण खिडकीवरून जातात. कोण आजारी आहे, कोणाकडे पाहुणे आले, हे फक्त दादीला माहीत असतं. जो दादीशी बोलायला थांबणार नाही, त्याला गावातलं काहीच कळणार नाही."

चाळीस वर्षे मी आलेख शिकविला. स्थिर बिंदूचा असा उपयोग मला कोणी सांगितला नव्हता.

वडिलांना मी बोलावून घेतले. त्यांनी वही उभ्या-उभ्याच चाळली, दादीच्या पानाशी थांबले, मग बसले. "विहिरीपाशी दुपारी कोणी नसतं, हे चूक आहे," म्हणाले, "मी असतो. दुकान बंद करून हातपाय धुवायला." मुलीने तेथेच पेन्सिलीने ती जागा भरली. पुढे ते मला म्हणाले, "सर, बारावीपर्यंत गणित सोडायचं नाही, एवढं तिच्याकडून कबूल करून घ्या." तसे तिने कबूल केले आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास तिला शाळेच्या संगणकावर बसू द्यावे, अशी विनंती मी मुख्याध्यापकांना केली आहे. आणखी चार मुलांनीही नावे दिली आहेत.

वही मी आज बरोबर आणली आहे. सभा संपल्यावर ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी येथे मंचापाशी यावे. तिच्या वडिलांची परवानगी आहे. विहीर तिने पुन्हा काढली आहे.